कुत्र्याचं कोपर बदलायचं का?

नमस्कार मंडळी. दरवेळी आपण गाय, म्हैस, शेळी, लाळ्या-खुरकत यावर बोलतो, आज कुत्र्यावर बोलू, आणि तेही कुत्र्याच्या पुढच्या पायाच्या कोपरावर. कारण हल्ली दवाखान्यात लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर असे मोठ्या जातीचे कुत्रे लंगडत येऊन राहिले. रानडुकरं आणि रोह्यांनी, म्हणजे नीलगाईंनी, वावर खाऊन टाकलं म्हणून लोक राखणीला दमदार कुत्रा आणतात, ते मला समजतं, पण पिल्लू वर्षाचं होत नाही तोच पुढच्या पायानं लंगडतं. मग घरातलं कोणीतरी मोबाईलवर पाहतं की परदेशात कुत्र्याचा सांधाही बदलतात, आणि मला पहिला प्रश्न हाच, मॅडम, कोपर बदलून भेटते का?

भेटते. जगात हे ऑपरेशन होतं. पण तुमच्या कुत्र्याचं करायचं की नाही हे ठरवायच्या आधी एक प्रश्न डॉक्टरला विचारायचाच, तो आत्ताच सांगते आणि पुन्हा सांगीन. नाही जमलं तर पुढं काय? ऑपरेशन फसलं तर त्या पायाचं काय होणार, हे आधी विचारा.

कुत्र्याच्या अंगाचं साठेक टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं. कोपरात तीन हाडं बिजागरीसारखी एकमेकांत बसलेली असतात, दंडाचं एक आणि खालची दोन. मोठ्या जातीच्या काही पिल्लांमध्ये ही हाडं एका मापानं वाढत नाहीत, मग आतला एखादा कोपरा तुटतो, कपची सुटते, कुर्चा म्हणजे हाडांच्या टोकावरचा गुळगुळीत थर घासतो. चौथ्या ते दहाव्या महिन्यात लंगडणं दिसायला लागतं. हे बरंचसं रक्तातून येतं, म्हणून पिल्लू घेताना त्याचे मायबाप चालताना पाहा, नुसतं तोंड पाहून पैसे देऊ नका. आणि मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियमचं टॉनिक आपल्या मनानं पाजू नका, चांगल्या खाण्यात लागतं तेवढं असतं, जास्तीचं हाडाला बाधतं.

खुब्याचं ऑपरेशन वेगळं बरं का. कुत्र्याचा खुबा बदलणं 1970 च्या दशकापासून चाललंय, तिथं गोळा आणि वाटी असा साधा हिशोब आहे, रिझल्टही चांगले. कोपराचं तसं नाही. अमेरिकेत आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीसारख्या ठिकाणी त्याच्यावर बरंच काम झालं, नवनवीन डिझाइन निघाले, तरी जंतू होणं, हाड मोडणं, सांधा निखळणं, बसवलेला भाग सैल होणं, हे सगळे धोके खुब्यापेक्षा जास्त, आणि हे हातात बसलेले सर्जन जगातच थोडे.

आता बादलची गोष्ट ऐका, मी जिथं जाते तिथं ही सांगते.

वरुडकडचे एक संत्र्याचे बागवाले काका. त्यांचा बादल म्हणजे पिवळा लॅब, सहा वर्षांचा, दोन्ही पुढच्या पायांनी अधू, उजवा जास्त. काकांनी त्याला छोट्या मालवाहू गाडीत गादी टाकून आणलं होतं, अंगावर काकूंची जुनी शाल. खाली उतरवायला तिघं लागले. उतरल्यावर दोन्ही पंजे बाहेरच्या अंगाला वळवून उभा राहिला, आणि चालायला लागला तर उजवा पाय टेकला की मान वर, डावा टेकला की मान खाली. ही मान तुम्हीही घरी पाहा, दुखरा पाय टेकताना कुत्रा डोकं वर उचलतो, तो पाय कोणता ते असं कळतं.

काका म्हणाले, "मॅडम, माह्या मायच्या गुडघ्याची वाटी बदलली नागपूरले, आता बुढी पायी देवळात जाते. मंग याची काहून नाई बदलत? पैशाचं नका सांगू मले, मृगाच्या संत्र्याचा इसार तसाच ठेवला आहे."

मी कोपर हातात धरून वाकवलं. अर्धंच वाकलं, आत करकर लागली हाताला, आणि बादलनं ओरडायच्या ऐवजी माझा हात चाटला. पुष्कळ कुत्रे असेच, दुखणं दाखवत नाहीत, म्हणून कुत्रा ओरडत नाही म्हणजे दुखत नाही असं म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो.

मग म्हटलं, काका, आधी वजन करू. समोरच्या कापूस खरेदीवाल्याच्या काट्यावर बसवला बादलला, शहाण्यासारखा बसला. भरला 43 किलो. लॅबचा नर 29 ते 36 किलोचा असावा. मी विचारलं खायला काय देता, काका म्हणाले दोन टाइम भाकर न दूध, बस. तर गाडीत बसलेला त्यांचा नातू बोलला, "नाई मॅडम, आजी दुपारी तुपाची पोई देते, निंदणाऱ्या बाया आपल्या शिदोरीतलं देतात, न सकाळी हॉटेलवाला आलुबोंडा देते." काका त्याच्याकडं पाहतच राहिले.

नागपूरला बादलला गुंगी देऊन दोन्ही कोपरांचे एक्सरे काढले. दोन्ही सांधे झिजलेले, कडेनं नवीन हाड वाढलेलं. एका सर्जनशी आम्ही फोनवर बोललो, स्पीकर चालू ठेवला, ओसरीवर सगळे बसलेले, काका, काकू, आजी, नातू. सर्जननं सगळं नीट समजावलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तोच प्रश्न विचारला, मी शिकवलेला नव्हता, त्यांचा त्यांनी विचारला. "डॉक्टर, नाई जमलं तं पुढं काय?"

तिकडून सरळ उत्तर आलं. सांधा बसला नाही, जंतू झाले, तर बसवलेलं काढावं लागेल. मग एक तर कोपर कायमचं सरळ जाम करायचं, तो पाय पुढं बाहेरून फिरवत टाकावा लागतो, चाल बिघडते. नाहीतर पाय कापायचा. तीन पायांवर पुष्कळ कुत्रे छान राहतात, पण त्यासाठी उरलेला पुढचा पाय धड पाहिजे. बादलचं डावं कोपरही गेलेलं. सगळा भार त्याच्यावर आला असता तर तो उभाच राहू शकला नसता.

ओसरीवर कोणी बोलेना. मग आजी बोलली. तिचं बोलणं मी आजपर्यंत विसरले नाही. "माह्यं ऑपरेशन झालं तवा मले विचारलं होतं तुमी. मी हाव म्हटलं. दुखे तं मले ठाव होतं काहून दुखते, न कवा थांबन. याले कोण सांगन?" खरंच आहे ते. ऑपरेशननंतर कितीतरी आठवडे कुत्रा लहान जागेत बंद ठेवावा लागतो, उडी नाही, पळणं नाही, पट्टा लावून तेवढं शू-शीला बाहेर. माणसाला समजावता येतं, त्याला ते समजावता येत नाही. काही घरं हे करतात आणि चांगलं करतात, पण संत्रा तोडणीच्या हंगामात ज्या घरी दिवसभर माणूस नसतो तिथं कोण पाहणार त्याच्याकडं?

तर इसार तसाच राहिला आणि आजीनं स्वतःहून तुपाची पोळी बंद केली. तिच्या हातून खायची बादलला सवय, म्हणून ती काकडीचा, गाजराचा तुकडा द्यायला लागली. हॉटेलवाल्याला काकांनी जाऊन हात जोडले. पावसाळ्यापासून थंडीपर्यंत बादल 36 किलोवर आला. बागेच्या धुऱ्यानं सकाळ-संध्याकाळ पट्टा लावून थोडं थोडं चालवायचं, झोपायला जाड पोत्याची गादी, आणि दुखणं वाढलं की माझ्याकडून मेलोक्सिकॅम, जेवणासोबत, मोजून. डिसेंबरच्या सकाळी अजून आखडतो, उडी मारून बाजेवर चढत नाही. पण धुऱ्याच्या टोकापर्यंत आपल्या पायानं जातो आणि रोही दिसला की भुंकतो. काका म्हणतात, पुढं वाढलं तं पाहू. हाही निर्णयच आहे.

वजनाचं पुन्हा सांगते, कारण लोकांना ते औषध वाटतच नाही. झिजलेल्या सांध्याच्या लठ्ठ कुत्र्याचं वजन सहा-सात टक्के जरी उतरलं तरी लंगडणं कमी होतं, हे तपासून पाहिलेलं आहे. अमेरिकेत 48 लॅब्राडॉरवर जन्मभराचा अभ्यास झाला, 2002 साली छापून आला, एकाच वेताच्या पिल्लांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या एकाला 25 टक्के कमी खायला दिलं, तर कमी खाणारे जवळपास दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा धरले. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत कुत्र्याच्या, दिसायला नको पण हाताला लागल्या पाहिजेत.

दुसरं, फरशी. नवीन घर बांधलं की सगळीकडं गुळगुळीत टाइल्स, त्याच्यावर कुत्र्याचे पाय फाकतात, म्हाताऱ्या माणसांचेही घसरतात. शेणानं सारवलेली जमीन किती चांगली होती, पाय धरून ठेवायची, उन्हाळ्यात थंड राहायची, मला तर वाटतं घर बांधताना निदान एक खोली आणि ओसरी तशी ठेवावी. ठेवली नसेल तर कुत्र्याच्या वाटेवर पोती अंथरा.

पोहणं सांध्याला चांगलं असतं म्हणून कोणी कुत्र्याला शेततळ्यात सोडू नका. आत प्लॅस्टिक असतं, त्याच्यावरून नखं घसरतात, कुत्रा बाहेर येऊ शकत नाही आणि दमून बुडतो. आधीच पाय अधू असलेला तर नाहीच.

आणि माणसाची दुखायची गोळी कुत्र्याला अजिबात नाही. डायक्लोफेनॅक नाही, आयब्युप्रोफेन नाही, तुमच्या मनानं पॅरासिटामॉलही नाही. पोटात रक्तस्राव होतो, किडनी जाते, लिव्हर जातं, चांगला कुत्रा हातचा जातो. डायक्लोफेनॅकवरून सांगते, गुराढोरांना ते टोचायचे तेव्हा मेलेली ढोरं खाऊन गिधाडं संपली, म्हणून 2006 साली जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. माझ्या लहानपणी गावाबाहेर ढोर टाकलं की आभाळात गिधाडं फिरायची, आज पोरांना चित्रात दाखवावं लागतं. गडचिरोलीत वनखात्यानं गिधाडांसाठी खाण्याच्या खास जागा केल्या, ते काम मला फार मोलाचं वाटतं. मेलोक्सिकॅम गिधाडांना मारत नाही, आणि कुत्र्यालाही डॉक्टरनं वजनावर मोजून दिलं तर चालतं.

मग ऑपरेशन कोणाचं करावं? एकच कोपर गेलंय, दुसरा पाय धड आहे, वजन उतरवून झालं, औषधं देऊन झाली, तरी कुत्र्याला उठवत नाही, अंगावर कुठं जखम किंवा जंतू नाहीत, घरी सांभाळायला माणूस आहे, आणि दुसऱ्यांदा ऑपरेशन लागलं तर त्याचेही पैसे हाताशी आहेत, अशा घरानं जरूर चौकशी करावी. लहान पिल्लाचं असेल तर उशीर नका करू, त्याच्या कोपरातली कपची दुर्बिणीनं काढता येते का हे विचारा, ते वेगळं आणि लहान ऑपरेशन आहे, सांधा बदलण्याची गोष्ट फार पुढची.

नागपूरला सेमिनरी हिल्सवरचं व्हेटर्नरी कॉलेज आहे, अकोल्याला पशुवैद्यक संस्था आहे, तिथं कुत्रा दाखवता येतो. जाताना वजन करून जा. कुत्रा सकाळी उठल्या उठल्या कसा चालतो त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढा, समोरून एक आणि बाजूनं एक, कारण दवाखान्यात घाबरून तो बरा चालतो आणि डॉक्टरला काही दिसत नाही. काय काय औषध दिलं ते कागदावर लिहून न्या. एक्सरेसाठी गुंगी लागते, तर उपाशी किती वेळ ठेवायचा ते आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्या. आणि घरातलं जे माणूस त्याला रोज खाऊ घालतं, त्याला सोबत न्या, म्हणजे डॉक्टरच्या तोंडून तेही ऐकेल. प्रश्न लक्षात आहे न, नाही जमलं तर पुढं काय. येते मी, नमस्कार.