गोवा की मुंबई? स्कोअर सांगायच्या आधी हे ऐका

नमस्कार मंडळी! एफसी गोवा आणि मुंबई सिटी एफसी या फुटबॉल संघांचा सामना जवळ आला की दोन्हीकडे अंदाजांना ऊत येतो. मडगावचा म्हणतो, "दोन-शून्य, गोवाच." अंधेरीचा म्हणतो, "तीन घालून परत येतो." मग जुने निकाल निघतात, आवाज चढतो. मला हा वाद मनापासून आवडतो. तो जास्त चांगला कसा घालता येईल, त्यासाठी आजचा व्हिडिओ.

२४ एप्रिल २०२४ चा सामना आठवा. इंडियन सुपर लीगची उपांत्य फेरी, पहिला लेग (दोन सामन्यांतला पहिला, दोन्हींचे गोल मिळून निकाल), गोव्याचं मैदान फातोर्डा. बोरिस सिंग आणि ब्रँडन फर्नांडिस यांच्या गोलांमुळे गोवा २-० ने पुढे. घड्याळात जवळपास ९० मिनिटं झालेली. त्या क्षणी "गोवा दोन-शून्य" म्हणणाऱ्याला कुणी वेड्यात काढलं असतं का? आणि मग मुंबईच्या छांगटेचा गोल. मिनिटभरात विक्रम प्रताप सिंगचा. आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगटे. मुंबई ३-२! दुसरा लेगही मुंबईनं २-० असा जिंकला.

आता प्रश्न असा, की "गोवा २-०" हा अंदाज वाईट होता का? माझं उत्तर: अंदाज वाईट नव्हता, तो मांडायची पद्धत अपुरी होती. कारण फुटबॉलमध्ये गोल फार थोडे होतात. क्रिकेटमध्ये तीनशे धावांच्या डावात एक चौकार कमी-जास्त झाला तर बहुतेक वेळा निकाल बदलत नाही. इथे एक चेंडू खांबाला लागून आत गेला की सगळा सामना फिरतो.

हे आकड्यांत बघू. समजा यजमान संघ अशा सामन्यात सरासरी दीड गोल करतो आणि पाहुणा संघ १.२. दुर्मीळ घटना मोजायची एक जुनी पद्धत आहे, पॉयसन या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाची. तिच्यात हे दोन आकडे घातले की काय मिळतं?

[स्क्रीनवर: यजमान ४४ – बरोबरी २६ – पाहुणे ३०]

म्हणजे असे शंभर सामने झाले, तर साधारण ४४ यजमान जिंकतील, २६ बरोबरीत सुटतील आणि ३० पाहुणे नेतील. सगळ्यात जास्त शक्यता असलेला एकच स्कोअर कोणता? १-१. आणि त्याची शक्यता किती? फक्त १२ टक्के! सगळ्यात उत्तम अंदाजसुद्धा शंभरातल्या ८८ वेळा चुकणार. म्हणून स्कोअर बरोबर आला एवढ्यावरून कुणाला जाणकार ठरवू नका, आणि चुकला म्हणून कुणाची टर उडवू नका.

"पण आमचा इतिहास बघा ना." बघूया. नोव्हेंबर २०१५ मध्ये गोव्यानं मुंबईला ७-० असं धुतलं होतं. हॅट्ट्रिक एक नाही, दोन: हाओकिप आणि डुडू. गोवेकरांनी तो सामना जपून ठेवावाच. पण त्या दिवशीचे खेळाडू, प्रशिक्षक, सगळं बदललंय. पुढच्या सामन्याच्या अंदाजात त्याचं वजन शून्य धरा.

बरं, संघ तेच असतील तर? ९ मार्च २०१९ ला, उपांत्य फेरीच्या पहिल्या लेगमध्ये, गोव्यानं मुंबईत येऊन ५-१ असा विजय मिळवला. तीन दिवसांनी फातोर्ड्यावर मुंबई १-० ने जिंकली. पाच गोल खाणाऱ्या संघानं तीन दिवसांत एकही खाल्ला नाही. अर्थात चार गोलांची आघाडी हातात असलेला संघ दुसऱ्या लेगला जीव तोडून पुढे धावत नाही. आणि हाच मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो: संघाला त्या दिवशी नेमकं काय हवंय, हे आधी विचारा.

१५ एप्रिल २०२४ ला कोलकात्यात मुंबईला लीग शील्डसाठी, म्हणजे साखळी फेरीत अव्वल येणाऱ्याच्या ढालीसाठी, बरोबरीही पुरली असती. मोहन बागाननं २-१ ने हरवलं आणि शील्ड नेलं. १९ दिवसांनी, ४ मे रोजी, कोलकात्याच्या त्याच सॉल्ट लेक मैदानावर त्याच बागानविरुद्ध अंतिम सामना. तिथे मुंबई ३-१! आधीचा निकाल बघून पैज घेणारे त्या रात्री हरले असणार. (पैसे लावा असं मी कधीच सांगणार नाही, हे स्पष्ट करतो.)

मग बघायचं काय? पहिलं म्हणजे गेल्या काही सामन्यांत संघानं संधी कशा निर्माण केल्या. याला एक्सजी म्हणतात: प्रत्येक फटक्यातून गोल व्हायची शक्यता किती होती, त्यांची बेरीज. पेनल्टीला ती पाऊण गोलाच्या आसपास असते, पस्तीस मीटरवरून मारलेल्या फटक्याला अगदी नगण्य. सलग तीन सामने १-० ने जिंकलेला संघ एक्सजीमध्ये मागे असेल, तर सावध राहा. मग पिवळी कार्डं साठून बंदीमुळे कोण बाहेर आहे, आणि बाकावर कोण बसलंय. पाच बदल करता येतात, म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासात जवळपास अर्धा संघ नवा असू शकतो. संघांची यादी तासभर आधी येते. तुमचा अंदाज त्यानंतर बदलला तर त्यात कमीपणा काहीच नाही.

आणि काही गोष्टी कुठल्याच गणितात बसत नाहीत. २०२१ चा गोवा-मुंबई उपांत्य सामना, गोव्यातलं बांबोळी, कोविडमुळे प्रेक्षक नाहीत. पेनल्टीच्या आधी दोन्ही प्रशिक्षकांनी आपापला गोलरक्षक बदलला! शेवटी निर्णायक पेनल्टी मुंबईसाठी मारली रॉलिन बोर्जेसनं, जो स्वतः गोवेकर. हे आधी कोण सांगणार होतं?

तर पुढच्या फातोर्ड्याच्या सामन्यासाठी, संघ जाहीर व्हायच्या आधी, निव्वळ मैदान धरून माझे आकडे: गोवा ४२, बरोबरी २७, मुंबई ३१. गोव्याचा पहिल्या पसंतीचा मध्यरक्षक बाहेर असेल तर मी गोवा ३६ वर आणीन. तुमचे तीन आकडे खाली लिहा, बेरीज शंभर आली पाहिजे, आणि सोबत एक कारण द्या. यादी आल्यावर आकडे बदलले, तर का बदलले तेही लिहा. सामना संपल्यावर आपण सगळ्यांची कारणं घेऊन बसू.