अकरा किलो गवारीची गाडी

श्रोतेहो, नमस्कार.

गवार तोडलीय कधी? सकाळच्या दवात वाकून शेंग न् शेंग खुडायची. बोटांना खाज सुटते ती दुपारपर्यंत जात नाही. आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या एका काकींनी अशी अकरा किलो गवार तोडली आणि पोतं घेऊन साताऱ्याच्या एसटीत बसल्या. त्यांचं तिकीट, पोत्याचं भाडं, स्टँडपासून मंडईपर्यंत रिक्षा. भांगलणीचा, म्हणजे रानातलं तण काढायचा, रोज बुडाला तो वेगळाच. संध्याकाळी हातात उरलेले पैसे त्यांनी माझ्यासमोर मोजले, तेव्हा मला काय बोलावं सुचेना. भाव पडला नव्हता. माल थोडा होता, एवढंच.

ज्याचा टेम्पोभर टोमॅटो निघतो, त्याला मार्केट यार्ड आहे. पण बांधावरचा शेवगा, परसातली वांगी, दोन सऱ्या मेथी, डझनभर अंडी, पायलीभर वाघ्या घेवडा, याला वाली कोण? हा माल बहुतेक बायकांचा. म्हणूनच त्याचा हिशेब कुणी धरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता गावातली दूध डेअरी आठवा. एक लिटर घालणारी आणि वीस लिटर घालणारा एकाच रांगेत. दोघांचं माप होतं, फॅट काढतात, वहीत आकडा पडतो, दहा दिवसांनी बिल मिळतं. गाडी कुणा एकासाठी येत नाही, सगळ्यांची मिळून येते. माळव्याला, म्हणजे भाजीपाल्याला, हीच शिस्त लावायची.

आम्ही ती लावून पाहिली. नऊ घरं, भाड्याचा छोटा टेम्पो, आठवड्याला दोन फेऱ्या. पहिल्याच फेरीत मी मेथीवर टोमॅटोचे क्रेट ठेवले आणि पेंड्या काळ्या पडल्या. तेव्हापासून पालेभाजी सगळ्यात शेवटी भरतो, वरून ओलं गोणपाट.

खरं काम असतं आदल्या संध्याकाळी. साताऱ्यातल्या घरांची, खानावळींची मागणी फोनवर घ्यायची आणि गावात निरोप द्यायचा: उद्या तुमची चार किलो वांगी, तुमच्या वीस पेंड्या. तोडा तेवढाच. काटा गावातच, मालकिणीच्या डोळ्यांदेखत. तिच्या चिठ्ठीवर आणि आपल्या वहीत एकच आकडा हवा. तो एकदा जरी बदलला, तरी पुढच्या फेरीला माल येत नाही, मग कितीही गोड बोला. तूट कुणाच्या माथी, हेही आधीच ठरवा. आणि परतीला गाडी रिकामी आणू नका. सरकी पेंड, खत, दुकानाचा किराणा, मिळेल ते भरा. आमची फेरी परवडते ती या परतीच्या भाड्यावर.

कायद्याची धास्ती नको. २०१६ पासून महाराष्ट्रात फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर थेट विकता येतो. हळदपूड, पापड, चटणी विकणार असाल तर मात्र अन्न सुरक्षेची नोंदणी करा. पुढं पसारा वाढला तर १० शेतकरी मिळून उत्पादक कंपनी काढता येते. पण सुरुवातीलाच त्या कागदांत अडकू नका, आधी गाडी सुरू करा.

काकींची गवार आजही दहा-अकरा किलोच निघते. मंगळवारी सकाळी काट्यावर घालतात, चिठ्ठी पदराच्या गाठीला बांधतात आणि आठच्या आत भांगलणीला रानात पोचतात.