जांभळाचा रंग आणि यकृतातली चरबी

[दृश्य: पालघर जिल्ह्यातले बहाडोली. जांभळाच्या झाडाला बांधलेली बांबूची परांची, वर चढलेले तोडणी करणारे.]

जांभळाची फांदी ठिसूळ. तिच्यावर भार टाकून तोडणी करता येत नाही, म्हणून ही परांची. मेअखेरीपासून जूनपर्यंत, पाऊस जोर धरेपर्यंतच हा हंगाम. इथल्या फळाला भौगोलिक मानांकन आहे, पण आपल्याला आज पाहायचा आहे तो त्याचा रंग.

जीभ जांभळी करणाऱ्या या रंगद्रव्याचे नाव अँथोसायनिन. जांभळात त्याचे मुख्यतः तीन प्रकार सापडतात: डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन आणि माल्व्हिडिन. तुतीत आणि कोकमात सायनिडिन, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीत पेलार्गोनिडिन. जांभळाचा तुरटपणा मात्र टॅनिनचा. ती लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात आणि तोंड कोरडे पडते.

[दृश्य: सोनोग्राफीचा पडदा, पांढरट दिसणारे यकृत.]

‘ग्रेड 1 फॅटी लिव्हर’ हे शब्द आता बऱ्याच घरांतल्या रिपोर्टवर असतात. यकृताच्या 5 टक्क्यांहून अधिक पेशींत चरबीचे थेंब साठले, की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. दारू न पिणाऱ्यालाही हे होते, हे एव्हाना माहीत झाले आहे. चरबी येते कुठून, ते तितकेसे माहीत नाही. 2005 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी रुग्णांच्या यकृतातल्या चरबीचा माग काढला. सुमारे 59 टक्के चरबी शरीरातल्या मेदसाठ्यांतून सुटून रक्तावाटे आली होती. 26 टक्के यकृताने स्वतःच, मुख्यतः साखर आणि पिष्टापासून बनवली होती. थेट जेवणातल्या तेलातुपाचा वाटा 15 टक्के. म्हणजे तूप सोडून गोड सरबत पीत राहणाऱ्याचा हिशेब तिथेच चुकतो.

अँथोसायनिन काम करते ते बरेचसे त्या 26 टक्क्यांवर. पेशीत एएमपीके नावाचे एक प्रथिन असते. ऊर्जा कमी पडली की ते जागे होते, चरबी बनवणारी एन्झाइम्स मंदावते आणि साठलेली चरबी जाळायला लावते. प्रयोगशाळेतल्या पेशींत आणि उंदरांत बेरीवर्गीय फळांच्या अर्काने हे प्रथिन सक्रिय झालेले वारंवार दिसले आहे. जोडीला पेशीची स्वतःची अँटिऑक्सिडंट यंत्रणाही वाढते, त्यामुळे चरबीच्या थेंबांभोवतीचा दाह उतरतो.

पण हे उंदीर असा आहार खात होते, ज्यातली 60 टक्के ऊर्जा चरबीतून येते. असे जेवण आपण कुणी जेवत नाही. शिवाय मात्रा सरळ गुणून चालत नाही. उंदराला किलोमागे 100 मिलिग्रॅम दिले, तर माणसासाठी त्या आकड्याला साधारण 12.3 ने भागतात. 60 किलोच्या माणसाला ते सुमारे 490 मिलिग्रॅम होतात, 6000 नव्हे.

माणसांवरची एक चाचणी चीनमध्ये झाली आणि 2015 साली प्रसिद्ध झाली. फॅटी लिव्हर असलेल्या 74 जणांपैकी एका गटाला बिलबेरी आणि ब्लॅककरंटपासून काढलेले शुद्ध अँथोसायनिन, दिवसाला 320 मिलिग्रॅम, 12 आठवडे दिले. दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. पहिल्या गटात एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम, आणि पेशीमृत्यूचा एक निर्देशक उतरला. चाचणी लहान होती, प्राथमिक होती. यकृतातले व्रण, म्हणजे दाहामुळे घट्ट झालेल्या जागा (फायब्रोसिस), यामुळे भरतात असे तिच्यावरून म्हणता येत नाही.

320 मिलिग्रॅम म्हणजे किती फळे? स्ट्रॉबेरीच्या 100 ग्रॅममध्ये ढोबळमानाने 20 ते 40 मिलिग्रॅम असते, म्हणजे रोज पाऊण ते दीड किलो. गडद फळांत प्रमाण कितीतरी जास्त असते, म्हणूनच जांभूळ, तुती, काळी करवंदे यांच्याकडे बघावे.

[दृश्य: स्वयंपाकघर. स्टीलच्या परातीत जांभळे, शेजारी चाळण.]

रंग टिकवण्यात खरी गोम आहे. आम्ल असेपर्यंत हे रेणू लाल-जांभळे आणि स्थिर राहतात. आम्लता कमी झाली की फिके पडतात, निळसर होतात, मोडतात. म्हणून गर काढताना किलोला एक-दोन लिंबांचा रस पिळावा. भांडे स्टीलचे किंवा काचेचे घ्यावे. लोखंडी कढईत टॅनिन आणि लोहाचा संयोग होऊन गर काळा पडतो. सालीसकट घुसळावे, कारण रंग सालीत सर्वाधिक असतो. गर टिकवायचा तर 80 अंशांवर दोन-तीन मिनिटे पुरेत. तेवढ्यात रंग खाणारे एन्झाइम मरते. अर्धा तास उकळत ठेवलेला गर तपकिरी होतो. सोपा मार्ग म्हणजे कोरडी फळे ताटात एका थरात गोठवणे आणि मग पिशवीत भरणे. घाऊक प्रमाणात करणाऱ्यांनी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे परिरक्षक टाळावे, ते हाच रंग उडवते. तिथे सोडियम बेंझोएट वापरतात.

बाजारच्या स्क्वॅशचे काय? नियमानुसार त्यात फळाचा रस किमान 25 टक्के आणि विरघळलेले घटक, म्हणजे बहुतांश साखर, किमान 40 टक्के. 40 मिली स्क्वॅश पाण्यात ढवळला की चार-साडेचार चमचे साखर पोटात जाते. साखरेतले फ्रुक्टोज मुख्यतः यकृतातच मोडते आणि चरबी बनवायला कच्चा माल पुरवते. एका हाताने अँथोसायनिन द्यायचे आणि दुसऱ्या हाताने हे, असा हा सौदा. वाटीभर फळे चावून खाणे त्याहून बरे.

[दृश्य: औषधांच्या दुकानातली कॅप्सूलची मांडणी.]

कॅप्सूलबाबत आमचे मत स्पष्ट आहे: घेऊ नयेत. द्राक्षाच्या सालीतले रेझव्हेराट्रॉल ऑस्ट्रेलियात फॅटी लिव्हरच्या पुरुषांना रोज 3000 मिलिग्रॅम, 8 आठवडे दिले. 2014 साली आलेला निष्कर्ष असा की फायदा झाला नाही, उलट यकृताची एन्झाइम्स काही आठवडे वाढली. कोकमाच्याच जातकुळीतल्या गार्सिनिया कंबोजियाच्या वजन घटवणाऱ्या गोळ्यांमुळे यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत. घरचे कोकम सार आणि या अर्काच्या गोळ्या, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जांभळाच्या बियांची पूड घेणाऱ्या मधुमेहींनी डॉक्टरांना तसे सांगावे. औषधाबरोबर साखर फार खाली जाऊ शकते.

वजन किती उतरले, यावर मात्र बरेच ठरते. क्युबात 293 रुग्णांवर वर्षभर केलेल्या अभ्यासात वजन 10 टक्के उतरवलेल्यांत यकृताचे व्रणही सर्वाधिक सुधारले. जांभळे त्या आहारात गोड पदार्थाच्या जागी यावीत, त्याच्या जोडीला नव्हे.

प्रगती पाहायला नुसती सोनोग्राफी अपुरी पडते. 20 टक्क्यांपेक्षा कमी चरबी तिच्यातून सहज निसटते. फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, करायचा तर आधी तीन तास काही खाऊ नये, नाहीतर आकडा फुगतो. व्रणांचा अंदाज घरीही काढता येतो. वय गुणिले एसजीओटी (एसजीपीटीसारखेच रक्तात मोजले जाणारे एन्झाइम). मग फक्त एसजीपीटीचे वर्गमूळ काढा, त्याला प्लेटलेट्सने गुणा आणि येईल त्या आकड्याने आधीच्या गुणाकाराला भागा. प्लेटलेट्स हजारांत धरायच्या, 2 लाख म्हणजे 200. इथे हमखास चूक होते. वय 48, एसजीओटी 40, प्लेटलेट्स 2 लाख, एसजीपीटी 49 असेल, तर उत्तर 1.37 येते. 1.3 च्या वर गेले की यकृततज्ज्ञाकडे जावे. पासष्टीनंतर ही मर्यादा 2 धरतात.