पोट वाढतं, दंड उतरतो

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते अंडाशयाच्या कॅन्सरबद्दल, आणि त्यातही पेशंटच्या खाण्यापिण्याबद्दल.

आपल्या देशात बायकांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या पाठोपाठ अंडाशयाचा नंबर लागतो. आणि हा आजार बहुतेक वेळा उशिरा सापडतो. पोट फुगल्यासारखं वाटतं, चार घासांतच पोट भरतं, लघवीला सारखं जावं लागतं. घरात म्हणतात, गॅस झालाय. ओवा खाऊन होतो, सोडा पिऊन होतो आणि महिने निघून जातात. निदान होईपर्यंत बाईचं जेवण निम्म्यावर आलेलं असतं. म्हणजे ऑपरेशन आणि केमो सुरू व्हायच्या आधीच अंगातली गंगाजळी आटलेली असते.

यावर एका टेलरिंग करणाऱ्या बाईंची गोष्ट सांगते. मी जिथे बोलायला जाते तिथे ही सांगते. आमच्या ओपीडीतल्या सिस्टर आता माझ्याआधी शेवट सांगून टाकतात.

या बाई फलटणकडच्या, चाळिशी ओलांडलेल्या. गावात ब्लाऊज शिवायचे म्हटलं की त्यांच्याकडेच. आमच्याकडे आल्या तेव्हा पोट चांगलंच वर आलेलं. बरोबर नवरा, सासूबाई आणि एका दवाखान्याचा कागद. कागदावर वजन 52 किलो, सहा महिन्यांपूर्वीही 52 किलो आणि खाली शेरा, ‘वजन टिकून आहे.’ नवऱ्याला तेवढाच धीर होता. म्हणाला, “मॅडम, आजार वंगाळ हाय, पण वजन एक किलोनं उतरलं न्हाई बगा.”

बाई काही बोलल्या नाहीत. पिशवीतून मापाची वही काढली. रेघांची, कडा मळलेली, प्रत्येक पानावर एकेका गिऱ्हाइकाचं नाव. त्यातलं एक पान त्यांचं स्वतःचं. गेल्या दिवाळीला स्वतःसाठी ब्लाऊज शिवला तेव्हाची मापं: दंडघेर 11 इंच, कंबर 30. त्याखाली पेन्सिलीनं आदल्या रात्री घेतलेली मापं: दंडघेर साडेनऊ, कंबर 36. मग म्हणाल्या, “काटा काय बी सांगू दे मॅडम, टेप खोटं बोलत न्हाई. माजं पोट वाडलंय आन् मी उतरलेय.”

श्रोतेहो, हाच तो दंडघेर आम्ही आहारतज्ज्ञ मोजतो, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध. दंडाचं मांस उतरलं की माप उतरतं. या कॅन्सरमध्ये पेशी पोटाच्या आतल्या आवरणावर पसरतात आणि पोटात पाणी साठतं. काटा ते पाणीही तोलतो. पुन्हा सांगते, काटा पाणीही तोलतो. त्या बाईंच्या पोटातलं पाच लिटर पाणी सुईनं काढलं, आणि दुसऱ्या दिवशी काट्यावर आले 47 किलो. सहा महिन्यांत 5 टक्क्यांहून जास्त वजन घटलं की आम्ही सावध होतो. यांचं जवळजवळ 10 टक्के गेलं होतं आणि कागदावर एक किलोही नाही! रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन साडेतीनच्या वर हवं, ते 2.6.

जाता जाता एक बोलते. हल्ली ते ताणणाऱ्या कापडाचे रेडीमेड ब्लाऊज निघालेत. कुणालाही बसतात. अंग वाढलं तरी कळत नाही, उतरलं तरी कळत नाही. मला ते कापड मुळीच आवडत नाही. असो.

मग विचारलं, खाता काय? सकाळी चहा-बिस्किट. दुपारी तांदळाची पेज, कारण सासूबाई म्हणत, हलकं खावं. संध्याकाळी पुन्हा चहा. दूध बंद, कारण शेजारणीनं मोबाइलवर काहीतरी वाचून दाखवलं होतं. डाळीनं वारा धरतो म्हणून डाळ बंद. सोमवार आणि संकष्टीला साबुदाणा. साबुदाण्यात प्रथिनं नावालाच असतात, हे काही तुम्हाला नव्यानं सांगायला नको.

सासूबाई सगळं ऐकत होत्या. मी उपासाचं बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्या सुनेला म्हणाल्या, “तुजा सोमवार आजपासनं माजा. तू अंडं खा.” सून म्हणाली, “आत्या, सोमवारी अंडं घरात?” तर म्हणाल्या, “पडवीत चूल मांडते.” आणि खरंच मांडली!

ऑपरेशन लगेच झेपणारं नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी आधी तीन केमो दिल्या, तीन-तीन आठवड्यांनी. तेवढ्या अवधीत खाण्याकडे लक्ष दिलं. पोट लवकर भरतं म्हणून ताट नाही, वाटी. दर दोन तासांनी एक. पेजेत मूगडाळ आणि तूप. दोन अंडी, पूर्ण शिजवलेली. दोन पेले दूध, घट्ट वरण, शेंगदाण्याचं कूट पडेल त्यात. तोंडाला लोखंडासारखी चव यायची, तर स्टीलचा चमचा बाजूला ठेवून लाकडी वापरला, आणि आमसुलाचं सार पोळीबरोबर. केमो लागू पडून पाणीही पुन्हा साठलं नाही. रोज अंगणात फेऱ्या, कारण नुसतं खाऊन मांस चढत नाही, हालचाल लागते. तिसऱ्या केमोनंतर वहीत नोंद होती, दंडघेर दहा. अर्धा इंच! ऑपरेशन झालं, टाके नीट भरले, उरलेल्या केमोही तारखेवर झाल्या. हा आजार परत उलटू शकतो, हे त्यांना ठाऊक आहे. तपासणीला येतात तेव्हा वही बरोबर असते.

गोष्टीनं बराच वेळ खाल्ला, आता मुद्द्याचं भराभर सांगते.

अंगात मांस आणि अल्ब्युमिन कमी असलेल्या पेशंटना या मोठ्या ऑपरेशननंतर त्रास जास्त होतो. जखम भरायला उशीर, जंतुसंसर्ग, मुक्काम लांबतो. केमोचा डोस कमी करावा लागतो किंवा तारीख पुढे जाते. आयुर्मानही कमी दिसतं. यात एक मेख आहे. आजार जितका पुढे गेलेला, तितकी तब्येत खालावलेली, त्यामुळे सगळा दोष खाण्यावर टाकता येत नाही. अल्ब्युमिनही नुसतं उपाशी राहून उतरत नाही, आजाराच्या दाहानंही उतरतं. म्हणून सलाइनमधून अल्ब्युमिनची बाटली चढवली म्हणजे पोषण झालं, असं समजू नका. खाण्यानं कॅन्सर बरा होत नाही, खाण्यानं उपचार पेलतात. पुन्हा सांगते, उपचार पेलतात.

प्रथिनं किती? वजनाच्या दर किलोला 1 ग्रॅमहून जास्त, जमलं तर दीड ग्रॅमपर्यंत. 50 किलोच्या बाईला 75 ग्रॅमपर्यंत. एका अंड्यात 6, मूठभर शेंगदाण्यांत 7 ते 8, पेलाभर दुधात साडेसहाच्या आसपास. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आकडा डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि वजन पोटातलं पाणी वगळून धरायचं, बरं का.

साखर खाल्ली की कॅन्सर वाढतो, म्हणून बाईचा शिरा आणि लाडू तोडणारे नातेवाईक मला दर आठवड्याला भेटतात. मधुमेह नसेल तर तुपातला बेसनाचा लाडू खाऊ द्या तिला. भेटायला येणाऱ्यांना एक विनंती, सफरचंदं आणू नका. त्या टोपल्या पलंगाखाली सुकतात. डबा आणा. पिठल्याचा आणा. केमोच्या दिवसांत कच्ची मोडाची कडधान्यं आणि उघड्यावरची चटणी नको, ताजं शिजवलेलंच हवं. उलटी थांबवणाऱ्या गोळ्यांनी संडासला घट्ट होतं, तेव्हा पाणी भरपूर.

आणि एवढा वेळ मी खा-खा म्हणतेय, तर कुठे थांबायचं तेही ऐका. पोटात कळा येऊन थांबतायत, उलट्या आवरत नाहीत, संडास होत नाही आणि वाराही सरत नाही, अशा वेळी आग्रहानं एक घाससुद्धा भरवू नका. या आजारात आतडं अडकू शकतं. एरंडेल नाही, जुलाबाची गोळी नाही, उद्या बघू नाही. रात्र असली तरी गाडी काढा आणि जिथे उपचार चालू आहेत त्या हॉस्पिटलला आधी फोन करून निघा. फाइल बरोबर घ्या.

नमस्कार.