समग्र म्हणजे किती?

मंडळी, नमस्कार. अध्यक्षांनी ओळख करून देताना मला 'पाश्चात्त्य संगीताचे गाढे अभ्यासक' म्हटलं. २८ वर्षं मुद्रितं तपासतोय, चूक दिसली की समासात खूण केल्याशिवाय मला राहवत नाही. तेव्हा 'अभ्यासक' खोडा आणि तिथे 'गिऱ्हाईक' करा. मी आयर्न मेडनचा जुना गिऱ्हाईक.

पुढच्या दोन रांगांत वाचनालयाचे नेहमीचे सभासद दिसताहेत आणि मागे सगळे काळे टी-शर्ट. दोघांच्याही चेहऱ्यावर एकच शंका आहे, की आपण चुकीच्या हॉलमध्ये आलो की काय. बसा, बरोबर आलात. पत्रिकेत विषय छापलाय 'समग्र म्हणजे किती?' आणि खाली बारीक टायपात 'हेवी मेटलच्या एका पेटीच्या निमित्ताने'. ही टेबलावर आहे ती पेटी. हार्मोनियम नव्हे. मघाशी दारात एका काकांनी विचारलं, साथीला तबला कोण आहे म्हणून.

आता मागच्यांनी दोन मिनिटं कानांवर हात ठेवा, पुढच्यांना बाराखडी सांगतो. आयर्न मेडन हा लंडनचा हेवी मेटलचा, म्हणजे दणदणीत गिटारींच्या रॉकचा बँड. १९७५ च्या नाताळात स्टीव्ह हॅरिसने काढला. तो बेस गिटार वाजवतो आणि त्याआधी नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन होता. पहिला अल्बम १९८० चा. गायक आधी पॉल डिआनो, १९८१ पासून ब्रूस डिकिन्सन. हा १९९३ मध्ये सोडून गेला, १९९९ मध्ये परत आला, मधली वर्षं ब्लेझ बेलीने सांभाळली. २००२ मध्ये बँडने 'एडीज आर्काइव्ह' नावाची ही धातूची पेटी काढली. आत दोन-दोनच्या तीन जोड्या, म्हणजे ६ सीडी. शिवाय एक छोटा ग्लास आणि धातूच्या अंगठीत गुंडाळून ठेवलेली कागदाची एक सुरळी. सुरळीवर काय आहे ते पुढे.

झाकणावर जो उठावाचा चेहरा आहे तो एडी. याला सुरुवातीला धड नव्हतंच. बँडच्या मागे पडद्यावर एक मुखवटा टांगलेला असायचा, म्हणून नाव 'एडी द हेड'. पुढे डेरेक रिग्ज या चित्रकाराने त्याला हातपाय दिले. मला विचाराल तर नसते दिले तरी चाललं असतं. आपल्याकडे देवळाच्या उंबऱ्यावर, चौकटीवर नुसतं तोंड असतं ना, कीर्तिमुख? शंकराने सांगितलं म्हणून स्वतःचं अंग खाऊन टाकलं आणि तोंडच उरलं, ते. एडी त्यांच्यातला. ही माझी व्युत्पत्ती नाही, माझ्या आईची आहे. ती गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

त्याआधी कॅसेट. आमच्या वेळी दादरला अशी दुकानं होती की कोरी कॅसेट आणि यादी दिली की तिसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग तयार. मी टीडीकेची ९० मिनिटांची कॅसेट दिली. एका बाजूला १९८४ चा 'पॉवरस्लेव्ह'. आता ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू भरते ४५ मिनिटांत आणि हा अल्बम आहे ५१ मिनिटांच्या आसपास. शेवटचं गाणं पावणेचौदा मिनिटांचं, इंग्रज कवी कोलरिजच्या म्हाताऱ्या खलाशाच्या कवितेवर बेतलेलं. खलाशी पक्षी मारतो, वारा पडतो, जहाज समुद्रात अडकतं, गाणं हळू होतं, लाकडं कुरकुरतात, मग पुन्हा जोर धरतं आणि खट्. टेप संपली. मला वाटलं गाणं तेवढंच. वर ही केवढी प्रतिभा, म्हणून मी चार मित्रांना व्याख्यानही दिलं, की बघा, म्हातारा घरी पोहोचतच नाही, कलाकाराने त्याला समुद्रातच ठेवलाय. तो माझ्या घरी ६ वर्षं समुद्रात होता. 'समग्र' या शब्दाबद्दल माझ्या मनात जे वेड आहे ते त्या खट् आवाजातून आलंय.

हसताय, पण समग्र म्हटलं की तुमचेही डोळे लकाकतात. पुढच्या रांगेत किमान सहा घरं अशी असतील जिथे प्रकाशनपूर्व सवलतीत घेतलेले कुणाच्या तरी समग्र वाङ्मयाचे खंड कपाटावर आहेत आणि पहिल्या खंडाची पानंही अजून चिकटलेली आहेत. मी तपासलेत असे खंड. शेवटच्या पानावर शुद्धिपत्र असतं आणि शुद्धिपत्रातही चुका असतात.

तर, पेटी. २००३ च्या मार्चमध्ये फोर्टातल्या एका दुकानात मी पूर्ण पैसे आगाऊ भरले. दुकानाचं नाव सांगणार नाही. ऱ्हिदम हाऊस नव्हे, उगाच गैरसमज नको. ते २०१६ मध्ये बंद झालं, त्यांच्या वाट्याला आमचे आशीर्वादच असू द्या. रक्कम महिन्याच्या पगाराहून थोडीच कमी. तेव्हा नवीन लग्न झालेलं, बायकोला सांगितलं की ऑफिसात भिशी लावलीय. ती आज इथे आहे. तिला आत्ता कळलं.

मग सात महिने चकरा. दर शनिवारी चर्चगेटला उतरायचं आणि चालत जायचं. आधी 'माल बोटीवर आहे', मग 'कस्टममध्ये आहे'. गणपतीत 'माणूस गावी गेलाय'. जुलैतल्या एका शनिवारी गुडघाभर पाण्यातून गेलो, तर मालक म्हणाला, "अरे साहेब, एवढ्या पावसात लोखंडाची पेटी मागवता? गंजेल ना." मी ओशाळून परत आलो. स्टेशनवर पोहोचल्यावर लक्षात आलं, की ओशाळायला मला काय झालं होतं?

शेवटी दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी पेटी हातात पडली. लोकलमध्ये मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्याने चेहरा पाहिला आणि सरकून बसला. गर्दीच्या वेळी सेकंड क्लासात मला आयुष्यात मिळालेली तेवढीच जास्तीची जागा.

घरी पोहोचायला रात्र झाली. वीज गेलेली. म्हटलं सकाळी उठून निवांत उघडू. सकाळी आंघोळ करून येतो तर पेटी पाटावर! आमचे वडील टर्नर. दसऱ्याला पाटावर त्यांचा मायक्रोमीटर, व्हर्निअर, दोन पाने, हातोडी, आईची विळी हे सगळं मांडलेलं असायचं. त्यात मधोमध एडी. कपाळावर हळद-कुंकू, डोक्यावर झेंडूचं फूल, पुढे आपट्याचं पान. मी ओरडलो, "आई, हे काय केलंस?" ती म्हणाली, "लोखंडाचं आहे ना?" मी म्हटलं, "अगं, राक्षस आहे तो." तर म्हणते, "असू दे. देवळाच्या उंबऱ्यावर असतो तसला आहे. तो चांगला असतो." वडिलांनी पेटी उचलून उजेडात फिरवली, अंगठ्याने नाकावरून गालापर्यंत चाचपली आणि म्हणाले, "उठाव चांगला काढलाय. डाय नवी असणार." बँडला मिळालेली एवढी चांगली समीक्षा मी कुठल्याही मासिकात वाचलेली नाही.

आणि पूजेतली वस्तू त्या दिवशी वापरायची नाही! सात महिने आणि वर एक दिवस. मी पाटासमोर बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी उघडली. सीडी सहाच्या सहा, सुरळी आहे, अंगठी आहे. ग्लास नाही! पुन्हा चर्चगेट. काउंटरवर मालकाच्या हाताशी तो ग्लास, आत रबरबँड भरलेले. "तुमचा होय? मला वाटलं कंपनीने दुकानाला भेट दिलाय." रबरबँड काढून दिला बिचाऱ्याने. दोन राहिले होते तळाशी, ते अजून आहेत.

जाता जाता एक. १ फेब्रुवारी २००८ ला हे मेडनवाले मुंबईत आले. त्यांच्या जगभरच्या दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम, वांद्रे-कुर्ला संकुलात. बोईंग ७५७ वर एडीचं चित्र आणि विमान चालवणाऱ्यांत खुद्द गायक डिकिन्सन. वडिलांना सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे एका पगारात त्याचंही भागत नाही." त्या रात्री खलाशाचं गाणं त्यांनी पूर्ण वाजवलं. लाकडं कुरकुरायला लागली तसा मी खट् ची वाट पाहत होतो. शेजारी विशीतली मुलं नाचत होती आणि हा पस्तिशीचा गृहस्थ डोळे पुसतोय. आमचं जुनं रंगभवन, धोबी तलावचं खुलं नाट्यगृह, असतं तर चर्चगेटहून चालत गेलो असतो, पण शेजारी रुग्णालयं आणि कॉलेज, शांतता क्षेत्राचे नियम आले आणि तिथला आवाज गेला. रुग्णांची बाजू बरोबरच आहे. तरी ते उघडं आकाश आठवतं.

चिठ्ठी आली. '१० मिनिटे. ८.३० ला लेझीमची तालीम आहे.' मी तर अजून विषयाला हात घातलेला नाही. धावत सांगतो.

माझं म्हणणं असं, की मुरलेल्या कलाकाराच्या पेटीत गाजलेलं काही नसावं. ते आपल्याकडे असतंच. बहुतेक बॉक्स सेट जुनेच अल्बम नव्या पुठ्ठ्यात घालून तिसऱ्यांदा विकतात. या पेटीत एकही अल्बम नाही. एक जोडी बी-साइडची, म्हणजे सिंगलच्या, एका गाण्यासाठी काढलेल्या छोट्या तबकडीच्या, मागच्या बाजूला टाकलेली गाणी. लेखकाचं दिवाळी अंकांत विखुरलेलं लेखन असतं ना, असंग्रहित, तसं. दुसऱ्यांची गाणी मजेत गायलेली, पडेल गाणी, ब्लेझ बेलीच्या वेळचीही. ज्या वर्षांबद्दल चाहते नाक मुरडतात तीही ठेवलीत, हे मला आवडतं.

दुसरी जोडी बीबीसीची. तिची सुरुवात १९७९ च्या रेडिओ सेशनने होते. तिथे गिटारवर टोनी पार्सन्स नावाचा माणूस आहे, जो बँडमध्ये काही महिनेच टिकला. बँडच्या एकाही स्टुडिओ अल्बमवर तो नाही. आता ती सुरळी उघडा. वंशावळ आहे! आपल्या कुलवृत्तांतात असते तशी, कोण आला, कोण गेला, कोण कुणाच्या जागी. आपल्या वंशावळीत घर सोडून गेलेल्याच्या नावापुढे 'निर्वंश' किंवा नुसती रेघ असते. इथे गेलेल्यांनाही घर आहे. आणि त्यांचा आवाजही त्याच पेटीत.

तिसरी जोडी लंडनच्या हॅमरस्मिथमधल्या कार्यक्रमाची, २० मार्च १९८२. 'द नंबर ऑफ द बीस्ट' हा त्यांचा सगळ्यात गाजलेला अल्बम बाजारात आला २२ मार्चला. दोन दिवस नंतर! जी गाणी आज अख्खं मैदान तोंडपाठ म्हणतं, त्यातली बरीचशी त्या सभागृहातल्या लोकांच्या घरात अजून पोहोचलेलीच नाहीत. ड्रमवर क्लाइव्ह बर, जो त्याच वर्षी बाहेर पडला.

तक्रारही आहे. त्याच बीबीसीच्या जोडीत २० ऑगस्ट १९८८ चं डॉनिंग्टन आहे, म्हणजे इंग्लंडमधल्या उघड्या मैदानावरचा रॉकचा मेळा. लाखावर माणसं. त्या दिवशी, मेडनच्या आधीच्या एका बँडच्या वेळी, गर्दीत चेंगरून २ तरुण गेले. सीडीवर फक्त गाणी आणि टाळ्या ऐकू येतात. तिथे दोन ओळी हव्या होत्या. आणि १९७९ ची 'साउंडहाउस टेप्स' ही त्यांची पहिली ५,००० प्रतींची तबकडी पेटीत नाही. तिची मूळ टेप विकत घ्यायला तेव्हा यांच्याकडे पैसे नव्हते, जमवून गेले तोवर स्टुडिओने ती पुसून टाकलेली. कुठल्या समग्राला ती मिळणार?

शेवटचं, मग उठतो. 'टोटल एक्लिप्स' हे गाणं १९८२ मध्ये अल्बममधून वगळून बी-साइडला टाकलं आणि पुढे बँडला त्याची चुटपुट लागली. २०२२ च्या चाळिशीच्या विनाइल आवृत्तीत त्यांनी एक गाणं काढून ते त्या जागी घातलं. ४० वर्षांनी शुद्धिपत्र! माझ्या धंद्यात हा विक्रम आहे. त्याच संचात हॅमरस्मिथचा कार्यक्रमही पुन्हा घातला. म्हणजे ज्यासाठी मी सात महिने चर्चगेटला चकरा मारल्या तो आता कुणालाही मिळतो. मी तोही घेतला. हो, भिशीतून.

ढोल आले वाटतं खाली. पेटी टेबलावर ठेवतो, बघा, हाताळा, मागच्यांनी आधी पुढच्या काकांना बघू द्या. सुरळी ओल्या हाताने धरू नका. आणि एडीच्या डोळ्यांच्या खाचांत पिवळं दिसेल ते गंज समजून कुणी नखाने काढू नका, ती २००३ ची हळद आहे.