साळखात्यातले कान

(दृश्य : लालबागच्या चाळीतली गॅलरी, सकाळ. सगळे आवाज दबलेले, पाण्याखालून आल्यासारखे.)

गेली बारा-तेरा वर्षं बाबांना आमचं घर असं ऐकू यायचं. आवाज यायचा, शब्द यायचा नाही. आई विचारायची, "साखर घालू?" बाबा म्हणायचे, "भाकर नको, आत्ताच चहा झालाय." आधी आम्ही हसायचो. पुढे हसणं थांबलं आणि ओरडणं सुरू झालं.

बाबांचं लक्ष नसतं, हा आईचा आवडता सिद्धांत. पण दोष लक्षाचा नव्हता. अ, आ, ओ हे जाड आवाज. स, श, फ, थ हे बारीक. थकलेला कान बारीक आवाज आधी सोडतो. मग 'साखर'मधला 'स' गळतो, उरतं 'आखर', आणि मेंदू पदरचा 'भ' लावून मोकळा होतो.

(दृश्य : टेबलावर ऑडिओग्रामचा कागद.)

हा बाबांचा ऑडिओग्राम, म्हणजे कुठला आवाज किती ऐकू येतो याचा आलेख. हर्ट्‌झचा आकडा जेवढा मोठा, तेवढा आवाज बारीक. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्या कानाच्या. रेघ २५० हर्ट्‌झपासून बरी चालते, २००० नंतर घसरते आणि ४००० ला थेट खड्ड्यात जाते. ८००० ला जरा वर येते. बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची, वाचा आणि श्रवणाचं काम करणारी. तिथे ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी त्या खड्ड्यावर पेनाचं टोक ठेवलं आणि विचारलं, "काका, कामाला कुठे होतात?"

"मिलमध्ये. साळखात्यात."

मॅडमनी पुढे काही विचारलं नाही.

१९७४ साली बाबा बदली कामगार म्हणून चिकटले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, ते बाहेर पडले, आणि परत आत गेलेच नाहीत. मधली आठ वर्षं साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या साच्यांवर. शेकडो साचे एका छताखाली, प्रत्येकात सूत नेणारा धोटा इकडून तिकडे आपटणारा. अशा खात्यात आवाज १०० डेसिबलच्या घरात जातो. तज्ज्ञांचा हिशेब असा, की ८५ डेसिबलमध्ये माणसानं ८ तास काढावेत. १०० मध्ये फक्त १५ मिनिटं. बाबांची पाळी ८ तासांची होती.

आतल्या कानात, शंखासारख्या वळणाच्या पोकळीत, केसाळ पेशी असतात. एका कानात साधारण १५ हजार. गेल्या की गेल्या, माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. तेव्हा हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. साळखात्यात बोलायचं म्हणजे ओठ हलवायचे आणि बोटं नाचवायची. जॉबर म्हणजे मुकादम आला, चहा आला, सूत तुटलं, सगळं बिनआवाजी. आईचे वडीलही साळखात्यातलेच, त्यामुळे तिला ती भाषा माहेरूनच येत होती. हे मला आत्ता आत्ता कळलं.

(दृश्य : बाबांचा कान. मशीनची बारीक तार आत जाते. आवाज एकदम उघडतात.)

फेब्रुवारीत दोन्ही कानांना मशीन लागलं. त्याआधी जाहिरात बघून मागवलेलं एक स्वस्तातलं यंत्र होतं. ते सगळंच सारखं मोठं करायचं, दार आपटलं तरी बाबा दचकायचे. हे नवं तसं नाही, ऑडिओग्रामप्रमाणे जिथे खड्डा तिथेच भर घालतं. आम्हाला वाटलं, चष्म्यासारखं असेल. लावलं की झालं.

बाबा घरी आले आणि पंख्याकडे बघत बसले. "हा रोज एवढा बोंबलतो?" पेपर उघडला, तर कुणी तरी भजी तळतंय म्हणाले. स्वतःचा आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा. संध्याकाळी ताटात कुरडई होती. पहिल्याच घासाला त्यांनी दोन्ही मशीन काढून डबीत ठेवली. "माझंच चावणं मला ऐकायचं नाही."

मॅडमना हे सगळं अपेक्षित होतं. पंखा, फ्रिज, भांडी यांचे आवाज तुमच्या-माझ्या कानातही पडतात; आपला मेंदू ते बाजूला सारतो. बाबांच्या मेंदूची ती सवय सुटली होती. ती परत लागायला काही आठवडे जातात, काहींना महिने. म्हणून मशीन सुरुवातीला मुद्दाम थोडं कमीवर ठेवतात आणि भेटीगणिक वाढवत नेतात. घागरीचं कारण वेगळं: कानाची नळी बुजली की आपलाच आवाज आत घुमतो. मॅडमनी टोकाचं रबरी टोपण बदलून भोकांचं दिलं. घागर बरीचशी फुटली.

दुसऱ्या भेटीत बाबांनी छातीठोकपणे सांगितलं, "दिवसभर लावतो." मॅडमनी मशीन कॉम्प्युटरला जोडलं. आपण किती वेळ कानात होतो याची नोंद मशीन स्वतःच ठेवतं, हे बाबांना कुठे ठाऊक! दिवसाला सरासरी दीड तास. आई जे हसली, ते बाबांना पूर्ण ऐकू आलं.

मग अभ्यास सुरू झाला. आधी शांत खोलीत एकाच माणसाशी गप्पा. रोज थोडं मोठ्यानं वाचन. बाबांनी पेपरातल्या छोट्या जाहिराती निवडल्या, त्यामुळे भाड्यानं मिळणाऱ्या खोल्यांचे दर आम्हा सगळ्यांना पाठ आहेत. मग टीव्ही. बाजार सगळ्यात शेवटी.

खरी शिकवणी मात्र आईची झाली. अशा कानाची एक गंमत असते: हळू आवाज पोचत नाही, आणि मोठा झाला की एकदम टोचतो. बारा वर्षं ओरडायची सवय, ती आता बाबांना सोसेना. समोर या, हाताच्या अंतरावर या, सावकाश बोला, मॅडमनी बजावलं. आणि स्वयंपाकघरातून हाक मारू नका. हे तिला फार जड गेलं. तिनं उभा संसार स्वयंपाकघरातून हाका मारूनच केलाय.

बारीकसारीक कटकटी होत्याच. उशीला कान टेकला की मशीन शीळ घालतं. दोनदा आई कुकर बघायला उठली. बटणाएवढी बॅटरी हवेवर चालते, म्हणून चिकटी काढल्यावर मिनिटभर उघडी ठेवून मगच बसवायची. मुंबईचा घाम आणि पावसाळा हे मशीनचे दुश्मन, तेव्हा रात्री त्याचा ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत मुक्काम.

(दृश्य : लोअर परळ स्टेशन, बांद्र्याकडे जाणारी लोकल.)

गाडीत घोषणा तीनदा होते: मराठी, हिंदी, इंग्रजी. मार्चमध्ये बाबांना तिन्हींतली एकही लागली नाही. पुढच्या फेरीत इंग्रजीच्या वेळेला लागली. एप्रिलमध्ये मराठीलाच मान वर झाली. "प्रभादेवी म्हणते," बाबा म्हणाले. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं हे नाव झालं २०१८ ला, पाटी त्यांनी हजारदा वाचली होती. कानांनी मात्र ते पहिल्यांदाच ऐकलं. तरीही खाली उतरेपर्यंत ते एल्फिन्स्टनच म्हणत होते.

(दृश्य : मिरची गल्ली, लालबाग. डंक्यांचे दांडे वर-खाली. कानठळ्या.)

एप्रिल म्हणजे मसाल्याचे दिवस. अर्धी मुंबई इथे मिरच्या भाजून, कुटून घ्यायला येते. गर्दी-गोंगाटात शब्द वेगळे काढणं महागातल्या मशीनलाही नीट जमत नाही. मी बाबांना घाबरत घाबरतच आणलं होतं.

डंक्यापाशी बाबा थांबले. शांतपणे दोन्ही मशीन काढून खिशातल्या डबीत ठेवली. दुकानदार काही विचारत होता, मला अक्षर कळत नव्हतं. आई गल्लीच्या पलीकडच्या कडेला, पिशव्या घेऊन. बाबांनी तिच्याकडे बघून ओठ हलवले, दोन बोटं वर केली, मग तळहात आडवा फिरवला.

मी आईकडे धावले. काय म्हणाले?

"दोन किलो बेडगी," आई म्हणाली, "आणि संकेश्वरी नको, गेल्या वर्षी जाळ झाला होता."