बुवांचा तंबोरा आणि माझी गुंडी

मघाशी माझी ओळख करून देताना 'संगीताचे जाणकार' असा उल्लेख झाला. तो आधी खोडून टाकतो. मी आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. गळा नाही, ताल बेताचा. पण लहानपणी एका फार मोठ्या गायकाची आणि माझी वीसेक मिनिटं गाठ पडली होती. तेवढ्या भांडवलावर मी आज इथे उभा आहे.

मोठ्या कलावंताची आणि लहान पोराची गाठ म्हटलं की आपल्याला भीमसेनजींची गोष्ट आठवते. अब्दुल करीम खाँसाहेबांची 'पिया बिन नहीं आवत चैन' ही झिंझोटी रागातली ठुमरी त्या पोरानं रेकॉर्डवर ऐकली आणि १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, घर सोडलं. भटकत पार जालंधरपर्यंत गेले, आणि शेवटी गुरू मिळाले ते घरापासून फार लांब नसलेल्या कुंदगोळात. सवाई गंधर्व, म्हणजे त्याच खाँसाहेबांचे शिष्य! त्याही आधी हा मुलगा भजनाच्या मागं जायचा आणि वाटेत कुठंतरी झोपून जायचा. म्हणून वडिलांनी त्याच्या शर्टावर 'जोशी मास्तरांचा मुलगा' असं लिहून ठेवलं होतं म्हणतात. मला ही शर्टाची गोष्ट फार आवडते. का, ते पुढं येईलच.

पण एक सांगू का? झिंझोटी ऐकून घर सोडणारा एखादाच. आपण बाकीचे सगळे झिंझोटी ऐकून घरी जेवायला गेलो. मी त्या जेवायला गेलेल्यांच्या बाजूनं बोलणार आहे.

साल १९६८. मी नऊ वर्षांचा. शाळेच्या पटांगणात गाणं होतं आणि सातवीच्या वर्गात बुवांची उतरायची सोय केली होती. त्यांचं नाव मी सांगणार नाही. ते आज असते तर विचारून घेतलं असतं, 'बुवा, हे असंच झालं होतं ना?' ते आता शक्य नाही, आणि नऊ वर्षांच्या पोराच्या आठवणीवर इतक्या मोठ्या माणसाचं नाव टांगणं बरं नव्हे. घरोघरी रेडिओवर ऐकू येणारा आवाज होता, एवढं पुरे.

चिटणिसांनी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला. "बुवांपाशी ठेवून ये. आणि तोंड उघडू नकोस."

आत गेलो. बाकं भिंतीला सारलेली, फळ्यावर लसाविची गणितं तशीच, आणि सतरंजीवर बुवा एकटेच. गवसणी बाजूला पडलेली, तंबोरा मांडीवर आडवा, आणि बुवा सतरंजीवर हातानं काहीतरी चाचपत होते. मला वाटलं पैसे पडले असावेत.

"ये रे बाळ. तुझे डोळे चांगले असतील. एवढासा दोरा पडलाय, बघ सापडतो का."

तंबोऱ्यात दोरा कशाला, हे मला कुठून माहीत? तुमच्यापैकी ज्यांनी तंबोरा जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चार तारा. पहिली पंचमाची, म्हणजे 'प'ची, मग षड्जाची, म्हणजे 'सा'ची जोडी, शेवटची खर्जाची, म्हणजे खालच्या 'सा'ची, ती पितळेची. या तारा भोपळ्यावरच्या रुंद घोडीवरून जातात. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार घासून काढलेला असतो. तिथं प्रत्येक तारेखाली सुताचा एक बारीक तुकडा सरकवतात. तो योग्य जागी बसला की तार बोलायला लागते. त्याला आपण जवारी लागली म्हणतो. दोरा नसेल तर त्याच तारेचा नुसता ठणठणाट.

त्या दिवशी खर्जाचा दोरा पडला होता. मी गुडघ्यावर रांगून सगळी सतरंजी पाहिली. नाही सापडला. बुवांनी गवसणीचा खिसा पाहिला, धोतराचा काठ पाहिला, आणि मग त्यांची नजर माझ्या शर्टाकडे गेली. वरची गुंडी लोंबत होती.

"ही काय, आज ना उद्या पडायचीच," असं म्हणून त्यांनी ती हलकेच ओढली. गुंडी माझ्या हातावर ठेवली आणि दोरा स्वतः घेतला. त्याचा पीळ उलगडून त्यातला एकच पदर वेगळा काढला, बोटांत ओला केला आणि तारेखाली घातला.

यानंतरचं मात्र मला लख्ख आठवतं. उजव्या हाताच्या बोटानं ते तार छेडत होते आणि डाव्या नखानं दोरा केसभर पुढं, केसभर मागं. ठण्. ठण्. पुन्हा ठण्. बाहेर माणसं जमत होती, चिटणीस दोनदा डोकावून गेले. बुवांनी मान वर केली नाही. आणि मग एकदम ती तार झणाणली. त्या आवाजाला शेवटच सापडेना. मी चक्क मागं बघितलं, दुसरं कोणी वाजवतंय का म्हणून.

"काय ऐकलंस?"

मी म्हटलं, "मधमाशी."

बुवा हसले. "आणि तिच्या वर?"

मी कान लावला. खूप वेळानं, वर कुठेतरी, एक वेगळाच स्वर तरंगताना ऐकू आला. कोणी न छेडलेला.

तो स्वयंभू गंधार, म्हणजे आपोआप उमटणारा 'ग' होता, हे मला पुढं कित्येक वर्षांनी कळलं. हिशेबानं सांगायचं तर खर्ज १०० कंपनांचा असेल, तर त्याच्याच पोटात ५०० कंपनांचाही स्वर असतो, तोच हा गंधार. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये आपल्या तंतुवाद्यांवर निबंध लिहिला. तार जिथं छेडावी तिथं ज्या उपस्वरांचा, म्हणजे मूळ स्वराच्या पोटातल्या वरच्या स्वरांचा, स्थिरबिंदू (न हलणारी जागा) येतो, ते उपस्वर ऐकू येता कामा नयेत, असा नियम पाश्चात्त्यांनी घालून दिला होता. तंबोरा तो नियम सरळ मोडतो, हे रामननी दाखवलं. कारण ती घोडी आणि तो दोरा. तार कंप पावताना घोडीच्या उतारावर सारखी टेकते, सुटते, टेकते. मी हा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा वर्गात न शोभेल इतका मोठ्यानं हसलो होतो. माझ्या गुंडीच्या दोऱ्यानं असलं काम केलं होतं!

हे रामनच्या आधी ज्यांच्या हातांना कळलं होतं ते मिरजेचे कारागीर. १८५० च्या सुमारास तिथल्या शिकलगार घराण्यानं तंतुवाद्यं घडवायला घेतली. मूळ धंदा शस्त्रांना धार लावण्याचा. पुढं भोपळे घासायला लागले! मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या हातांनी त्या घोडीचा उतार घासून काढला त्यांना कंपनांचं गणित कोणी शिकवलं नव्हतं.

असो, विषय सोडून चाललो. त्या रात्री मी पहिल्या रांगेत खाली बसलो. बुवा काय गायले ते मला सांगता येणार नाही. लोक माना डोलावत होते, मी मात्र मागं बसलेल्या तंबोरेवाल्याचं अंगठ्याशेजारचं बोट बघत होतो. दर वेळी ते खर्जावर पडलं की मला वाटायचं, हा माझा. शेजारच्या पोराला सांगितलं, "त्यात माझा दोरा आहे." त्यानं कोपरानं ढोसलं. विलंबित, म्हणजे सुरुवातीचं संथ गाणं, संपायच्या आत मी झोपलो होतो. वडिलांनी खांद्यावर टाकून घरी आणलं.

सकाळी आईनं शर्ट उचलला. "गुंडी कुठाय?"

गुंडी खिशात होती, ती काढून दिली.

"आणि दोरा? कापडासकट उसवलंय की रे!"

"बुवांच्या तंबोऱ्यात."

तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं. मग सुई घेतली, आणि पांढरा दोरा संपला होता म्हणून काळ्यानं गुंडी लावून दिली.